फीड पंप बंद पडले तेव्हा

थ्री माइल आयलंडचा अपघात अणुभट्टीचा म्हणून जगाला माहीत आहे, आणि ते खरंच आहे. पण मिनिटामिनिटाचा हिशेब मांडायला बसलं की ध्यानात येतं, ही गोष्ट मुळात पाण्याची आहे. वाफेच्या जहाजावर वॉच केलेल्या माणसाला यातली निम्मी यंत्रं नावानिशी ओळखीची वाटतील: कंडेन्सर, त्याच्या तळाची हॉटवेल, कंडेन्सेट पंप, फीड पंप. टर्बाइनमधून सुटलेली वाफ कंडेन्सरमध्ये थंड होऊन पाणी होते, ते पाणी पंपाने परत ढकलायचं, पुन्हा वाफ करायची. भट्टी बनवणारी कंपनी बॅबकॉक अँड विलकॉक्स. अणुशक्तीच्या कितीतरी आधीपासून या नावाचे बॉयलर जहाजांवर असत. आणि त्या रात्री पाळीवर असलेले चौघे, झेवे, शायमन, फाउस्ट आणि फ्रेडरिक, अमेरिकी नौदलाच्या अणुभट्ट्यांवर काम करून इथे आलेले.

जहाजाच्या बॉयलरपेक्षा इथे फरक एकच. पाण्याचे फेरे दोन. पहिल्या फेऱ्यातलं पाणी भट्टीतून फिरतं, पण प्रचंड दाबाखाली असल्यामुळे उकळत नाही. ते आपली उष्णता स्टीम जनरेटरमध्ये दुसऱ्या फेऱ्यातल्या पाण्याला देतं आणि वाफ होते ती या दुसऱ्या पाण्याची. म्हणजे फीड वॉटर तुटलं की भट्टीची उष्णता घेणारं कोणी उरत नाही.

सोमवार, 26 मार्च 1979

पेनसिल्वेनियातली सस्क्वेहाना नदी, हॅरिसबर्गपासून सुमारे 16 किलोमीटर. बेटावरचा 2 क्रमांकाचा संच तीन महिन्यांपूर्वीच व्यापारी वीज देऊ लागला आहे. आज आपत्कालीन फीड पंपांची नेहमीची चाचणी. तिच्यासाठी पंपांपुढचे दोन व्हॉल्व बंद करायचे आणि काम आटोपलं की उघडायचे. बेचाळीस तासांनंतर गरज पडली तेव्हा दोन्ही बंदच होते.

मंगळवार, 27 मार्च, संध्याकाळ ते पहाट

कंडेन्सेट स्टीम जनरेटरकडे जाण्याआधी आठ टाक्यांमधून गाळलं जातं. या टाक्यांना पॉलिशर म्हणतात. आत रेझिनचे बारीक मणी असतात आणि ते पाण्यातले क्षार धरून ठेवतात. समुद्रावर कंडेन्सरची एखादी नळी गळली आणि खारं पाणी फीडमध्ये शिरलं की चीफ इंजिनियरची झोप का उडते, हे माहीत असलेल्याला पॉलिशरचं महत्त्व सांगायला नको.

मणी थकले की ते पाइपातून बाहेर काढून धुवावे लागतात. 7 नंबरच्या टाकीचे मणी पाइपातच अडकून बसले आहेत. पाणी आणि दाबाची हवा मारून ते सोडवायचा खटाटोप सुमारे अकरा तास चालला आहे. आधीच्या पाळीने हात टेकले, आता रात्रीच्या पाळीचा फोरमन शायमन तिथे आहे. यात धोक्याचं कुणाला काही दिसत नाही. ही तर भट्टीबाहेरची साधी नळजोडणी. सुरक्षिततेच्या यंत्रणांची यादी वेगळी आणि पॉलिशर तिच्यात नाही. माझ्या मते अपघाताचं बी इथेच आहे. जे यादीत नाही त्याच्याकडे लक्षही उरल्यासुरल्या वेळात दिलं जातं. 1977 मध्ये याच पॉलिशरपाशी पाणी हवेच्या नळीत शिरून गडबड झाली होती. दुरुस्तीच्या सूचना कागदावर आल्या, पण दुखणं मुळातून कुणी काढलं नाही.

या रात्रीही तेच घडलं, असं नंतरच्या तपासांनी धरलं. एका नादुरुस्त चेक व्हॉल्वमधून थोडं पाणी हवेच्या नळीत उलटं गेलं. पॉलिशरचे व्हॉल्व उघडे ठेवणारी हवा तीच.

बुधवार, 28 मार्च, पहाटे 4 वाजून 36 सेकंद

पॉलिशरचे व्हॉल्व मिटतात. कंडेन्सेट पंपाला वाट उरत नाही, तो बंद पडतो. मागोमाग मुख्य फीड पंप. दोन सेकंदांत टर्बाइन थांबते. संच तेव्हा 97 टक्के ताकदीने चालू होता.

भट्टीच्या फेऱ्यातलं पाणी तापू लागतं, दाब चढतो. तिसऱ्या सेकंदाला प्रेशरायझर नावाच्या टाकीच्या माथ्यावरचा रिलीफ व्हॉल्व आपोआप उघडून दाब सोडतो. आठव्या सेकंदाला भट्टी आपोआप बंद होते. इथपर्यंत सगळं आराखड्याप्रमाणे.

तेराव्या सेकंदाला दाब पुरेसा उतरला, म्हणून रिलीफ व्हॉल्वला मिटण्याची आज्ञा जाते. व्हॉल्व मिटत नाही. बोर्डावरचा दिवा मात्र विझतो. तो दिवा व्हॉल्वला पोचणाऱ्या विजेचा होता. व्हॉल्व खरोखर बसला की नाही, हे सांगणारं तिथे काहीच नव्हतं.

चौदाव्या सेकंदाला आपत्कालीन फीड पंप पूर्ण वेगात आल्याचं दिसतं. पंप फिरतात, दाब दाखवतात आणि बंद व्हॉल्ववर धडका मारत राहतात. दोन्ही व्हॉल्वचे दिवे बोर्डावर होते. एक देखभालीच्या पिवळ्या टॅगखाली झाकलेला, दुसरा उघडा, पण कुणाच्या नजरेस न पडलेला.

4:02

स्टीम जनरेटर कोरडे पडले आहेत. या बनावटीच्या जनरेटरमध्ये पाण्याचा साठा मुळात थोडा, त्यामुळे फीड तुटलं की दोन मिनिटांचाही अवकाश मिळत नाही. रिलीफ व्हॉल्व उघडाच असल्याने भट्टीतला दाब उतरत चालला आहे. तेवढ्यात उच्च दाबाचे आपत्कालीन पंप आपोआप सुरू होऊन भट्टीत मिनिटाला सुमारे हजार गॅलन, म्हणजे 3,800 लिटर पाणी ढकलू लागतात. कुणी काही केलं नसतं, नुसते हात बांधून उभे राहिले असते, तर भट्टी वाचली असती.

4:05 च्या सुमारास

इथे थोडं थांबायला हवं. प्रेशरायझर म्हणजे भट्टीच्या फेऱ्याला जोडलेली उभी टाकी. खाली पाणी, वर वाफेची गादी. भट्टीत पाणी किती आहे हे दाखवणारं वेगळं गेज त्या संचावर नव्हतंच. प्रेशरायझरमधली पातळी पाहायची आणि भट्टी भरलेली आहे असं समजायचं. ती पातळी आता वर, आणखी वर चढते आहे.

जहाजाच्या बॉयलरवर हा खेळ रोजचा. एकदम वाफ ओढली गेली की ड्रममधला दाब पडतो, पाण्यात बुडबुडे धरतात आणि गेज ग्लासात पातळी फुगून वर येते. बॉयलरमध्ये पाणी कमी होत असतं आणि काच ते जास्त दाखवते. नवखा माणूस अशा वेळी फीड कमी करतो आणि सेकंड इंजिनियरच्या शिव्या खातो. जुन्या लोकांचा रिवाज असा की, वॉच हाती घेतली की आधी गेज ग्लास ब्लो करून पाहायचा, काच खरं बोलते आहे ना याची खात्री करायची, मग बाकीचं.

थ्री माइल आयलंडला तोच भास होता, फक्त काच ब्लो करायची सोय नव्हती. टाकीच्या माथ्यावरूनच गळती चालू, दाब पडतो आहे, भट्टीत बुडबुडे धरताहेत आणि ते पाण्याला प्रेशरायझरमध्ये वर लोटताहेत. दाब उतरतो आणि पातळी चढते, हे दोन्ही एकाच वेळी कसं, असा प्रश्न पडायला हवा होता. पण या मंडळींच्या डोक्यात नौदलातला एक नियम घट्ट बसलेला: प्रेशरायझर कधीही सॉलिड होऊ द्यायचा नाही. काठोकाठ पाण्याने भरला, वाफेची गादी गेली, तर दाबाचा एखादा हिसका पाइप फोडू शकतो. पाणबुडीच्या लहान भट्टीला हा नियम शोभतो. तिथे भट्टी बंद केल्यावर उरणारी उष्णता आटोक्यातली. इथली भट्टी 2,700 मेगावॉटहून अधिक उष्णतेची, आणि बंद झाल्याक्षणीही त्यातली सहा टक्क्यांच्या आसपास उरतेच. वीज कंपनीच्या प्रशिक्षणातही याच नियमावर भर होता, त्यामुळे सगळा दोष नौदलाच्या माथी मारण्यात अर्थ नाही.

फ्रेडरिकने एक पंप बंद केला आणि दुसऱ्याचा प्रवाह अगदी कमी केला. नवख्याने फीड दाबावं, तसंच.

दीड वर्षापूर्वी, 24 सप्टेंबर 1977 रोजी ओहायोतल्या डेव्हिस-बेसी केंद्रात हुबेहूब असंच घडलं होतं. तसाच रिलीफ व्हॉल्व अडकला, पातळी फुगली, ऑपरेटरांनी पंप दाबले. भट्टी तेव्हा नऊ टक्क्यांवर होती आणि वीसेक मिनिटांत गळती ओळखली गेली, म्हणून निभावलं. बॅबकॉक अँड विलकॉक्समधल्या एका इंजिनियरने फेब्रुवारी 1978 मध्ये लेखी बजावलं होतं की, ऑपरेटरांना स्पष्ट सांगा, हे पंप इतक्या लवकर दाबायचे नाहीत. तो कागद कार्यालयातच फिरत राहिला. थ्री माइल आयलंडपर्यंत तो कधी आलाच नाही.

4:08

फाउस्टची नजर बंद व्हॉल्वच्या दिव्यांवर जाते. तो ते उघडतो, स्टीम जनरेटरना पाणी मिळू लागतं. वृत्तपत्रांनी पुढे ही आठ मिनिटं फार रंगवली. तपास करणाऱ्यांचं मत वेगळं पडलं: एवढ्या उशिराने शेवटात मोठा फरक पडला नाही, गोंधळ मात्र भरपूर वाढला. मलाही ते पटतं. सापडलेली चूक माणसाला उगाच समाधान देते. हेच बिघडलं होतं, आता सुधारलं, असं वाटून दुसरी चूक शोधायची थांबते.

4:15

रिलीफ व्हॉल्वमधून सुटणारं पाणी एका टाकीत जमा होत होतं. तिची सुरक्षा चकती फुटते आणि किरणोत्सारी पाणी इमारतीच्या तळाशी सांडू लागतं. या टाकीचा दाब आणि पातळी दाखवणारी गेज मुख्य बोर्डाच्या मागच्या बाजूला, उठून गेल्याशिवाय न दिसणारी.

समोर शंभराहून अधिक धोक्याचे दिवे पेटलेले. त्यांची नोंद छापणारा प्रिंटर इतका मागे पडत गेला की, घडणाऱ्या गोष्टी कागदावर उमटायला दोन-अडीच तास लागू लागले. दरम्यान कंडेन्सेटची बाजूही धड वळेना आणि शिफ्ट सुपरवायझर झेवे यांचा बराच वेळ तिकडे गेला.

रिलीफ व्हॉल्वच्या पुढच्या पाइपाचं तापमान चढलेलं आहे, हे त्यांनी विचारूनही घेतलं. 200 अंश फॅरनहाइटच्या वर गेलं तर प्रेशरायझर आणि त्या व्हॉल्वच्या मधला ब्लॉक व्हॉल्व बंद करा, असं पुस्तकात होतं. पण तो रिलीफ व्हॉल्व कित्येक दिवस थोडाथोडा गळत होता, पाइप रोजच गरम असे. रोजच्या गळतीची सवय झाली की गरम पाइप कुणाला काही सांगत नाही.

5:13

भट्टीतलं पाणी फिरवणारे चार मोठे पंप थरथरताहेत. पाण्याबरोबर वाफ ओढली जाते आहे. पंप मोडतील म्हणून दोन बंद केले जातात.

5:41

उरलेले दोनही बंद. पाणी आता आपसूक फिरेल, अशी अपेक्षा. पण वाफेचे कोंडाळे मध्ये आल्यावर ते फिरत नाही. सहाच्या आगेमागे इंधनाचा वरचा भाग उघडा पडू लागतो. तापलेलं झिर्कोनियमचं वेष्टन आणि वाफ यांच्यातून हायड्रोजन सुटतो.

6:22

सकाळच्या पाळीवर नव्याने आलेला सुपरवायझर मेहलर आकडे पाहतो. रात्रभराच्या दिव्यांनी आणि घंटांनी त्याचं डोकं पिकलेलं नाही, हा त्याचा फायदा. तो ब्लॉक व्हॉल्व बंद करायला लावतो. रिलीफ व्हॉल्व अडकून 2 तास 22 मिनिटं झाली. या वेळात 32,000 गॅलन, म्हणजे सुमारे 1 लाख 20 हजार लिटर पाणी बाहेर गेलेलं, भट्टीच्या एकूण पाण्याच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त. गळती थांबली, पण गेलेलं पाणी भरून काढायला पुरेसे पंप तरीही लगेच चालू झाले नाहीत.

6:56 ते 7:45

आधी केंद्रापुरती आणीबाणी, 7:24 ला सार्वत्रिक. 7:45 च्या सुमारास वितळलेल्या गाभ्याचा सुमारे वीस टनांचा लगदा भट्टीच्या तळाला जाऊन पडला. हे कळलं कित्येक वर्षांनी. त्या सकाळी कंट्रोल रूममधल्या कुणाच्या मनातही ते नव्हतं.

दुपारी 1:50

इमारतीत कुठेतरी धप्पकन आवाज. दाबाची नोंद चौरस इंचाला 28 पौंडांपर्यंत उडी घेते आणि खाली येते. हायड्रोजन पेटला होता. बहुतेकांनी हा हवेच्या झडपेचा आवाज किंवा विजेचा काही खोडसाळपणा समजून सोडून दिला.

संध्याकाळी 7:50

एक मोठा पंप पुन्हा फिरू लागतो आणि भट्टीत पाणी खेळू लागतं. फीड तुटून पंधरा तास पन्नास मिनिटं झाली होती.

शुक्रवारी गव्हर्नर थॉर्नबर्ग यांनी पाच मैलांच्या आतल्या गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांना निघून जायचा सल्ला दिला आणि सुमारे 1,40,000 माणसं घरं सोडून गेली. 1 एप्रिलला राष्ट्राध्यक्ष कार्टर कंट्रोल रूममध्ये येऊन गेले. तेही नौदलाच्या अणुशाखेचेच. 1982 मध्ये कॅमेरा आत सोडल्यावर दिसलं की गाभ्याच्या वरच्या भागात दीडेक मीटरची पोकळी आहे. गाभा जवळजवळ अर्धा वितळला होता.

पुढे अमेरिकेतल्या अशा केंद्रांवर रिलीफ व्हॉल्वची खरी स्थिती दाखवणारी सोय सक्तीची झाली. आपत्कालीन फीडचा प्रवाह बोर्डावर दिसू लागला. आणि भट्टीतलं पाणी उकळण्यापासून किती अंश दूर आहे, हे थेट सांगणारं एक यंत्र बसवावं लागलं. तापमान आणि दाब एवढे दोनच आकडे त्याला लागतात. 28 मार्चच्या पहाटे ते दोन्ही बोर्डावर होते.