मूत्रपिंड वाचवणारी पाण्याची धार

हृदयातून दर मिनिटाला बाहेर पडणाऱ्या रक्तापैकी सुमारे एक-पंचमांश रक्त दोन्ही मूत्रपिंडांकडे जाते. त्यामुळे मूत्रपिंडाचा छेद घेताना मोठ्या रक्तस्रावाचा धोका असतो. जर्मनीतील हायडलबर्ग येथे गुस्टाव सिमोन यांनी १८६९ मध्ये पूर्वनियोजित शस्त्रक्रियेद्वारे संपूर्ण मूत्रपिंड प्रथमच काढले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातही कर्करोगाची गाठ लहान असली, तरी बहुधा संपूर्ण मूत्रपिंडच काढले जाई. आता मात्र चार सेंटिमीटरपर्यंतच्या गाठीसाठी, शक्य असेल तेथे, फक्त गाठ काढून उर्वरित मूत्रपिंड वाचवण्यावर भर दिला जातो.

या शस्त्रक्रियेत रक्तस्राव रोखण्यासाठी मूत्रपिंडाची रोहिणी काही वेळ चिमट्याने बंद करावी लागते. हा काळ २५ ते ३० मिनिटांच्या पुढे गेल्यास मूत्रपिंडाच्या कार्यक्षमतेला हानी पोहोचण्याची शक्यता वाढते. नष्ट झालेले नेफ्रॉन, म्हणजेच रक्त गाळणारे सूक्ष्म घटक, पुन्हा निर्माण होत नाहीत. एकच मूत्रपिंड असलेल्या रुग्णाच्या बाबतीत तर प्रत्येक मिनिट मोलाचे ठरते.

पाण्याच्या धारेचे तंत्र येथे उपयोगी पडू शकते. यकृताच्या शस्त्रक्रियेत त्याचा वापर १९८०च्या दशकात सुरू झाला. पुढे ते मूत्रपिंडासाठीही आजमावले गेले. निर्जंतुक सलाईन मोठ्या दाबाने अतिशय बारीक छिद्रातून सोडले जाते. मूत्रपिंडाचा गाभा मऊ असल्याने तो या धारेने विलग होतो. रक्तवाहिन्या व मूत्र गोळा करणाऱ्या नलिका मात्र तंतुमय आणि चिवट असल्याने योग्य दाब राखल्यास बऱ्याच अंशी शाबूत राहतात. उघड्या पडलेल्या वाहिन्या शल्यचिकित्सकाला स्पष्ट दिसतात व त्या एकेक करून बांधता किंवा विद्युतप्रवाहाने बंद करता येतात. त्यामुळे काही रुग्णांमध्ये रोहिणी बंद न करताही गाठ काढणे शक्य होते. धारेत उष्णता नसल्याने शेजारच्या पेशी भाजण्याचा धोकाही टळतो.

या तंत्राला मर्यादाही आहेत. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करताना उडणारे तुषार व बुडबुडे दृष्टीआड येतात. वाहिन्या बंद करण्यासाठी वेगळे साधन लागतेच. खोलवरच्या गाठींमध्ये मोठ्या वाहिन्या जवळ असल्याने विशेष दक्षता घ्यावी लागते. शिवाय त्यासाठी स्वतंत्र यंत्रसामग्री आवश्यक असते. त्यामुळे रोहिणी अल्पकाळ बंद करून गाठ कापणे व जखम शिवणे हीच पद्धत आजही अधिक प्रचलित आहे. कोणती पद्धत योग्य, हे गाठीचा आकार, तिचे स्थान, दुसऱ्या मूत्रपिंडाची स्थिती आणि शल्यचिकित्सकाचा अनुभव यांवरून ठरते.