मंगलसुत्त कोणी म्हणावे?
बौद्ध विवाहातील विधिकर्त्याच्या निवडीचा पूर्वेतिहास

विवाह ठरलेली तरुण जोडपी अलीकडे विहारात येऊन एक प्रश्न विचारू लागली आहेत. पूर्वी हा प्रश्न त्यांचे आईवडील विचारीत आणि तो फक्त तारखेपुरता असे. आता वधूवर विचारतात की आमचा विवाह लावण्यासाठी आम्ही कोणाला निवडावे? आमच्या प्रतिज्ञा आम्ही आमच्या शब्दांत लिहिल्या तर चालेल काय? मागील वर्षी एका वधूने आपल्या मावशीचे नाव सुचविले. मावशी शाळेत शिक्षिका, त्रिशरण-पंचशील आणि सुत्ते तिला मुखोद्गत. घरातील वडीलधाऱ्यांनी मात्र हरकत घेतली. प्रमाणपत्र असलेला बौद्धाचार्य नसेल तर विवाह 'पक्का' होणार नाही, असे त्यांचे म्हणणे. ही हरकत कितपत साधार आहे हे पाहावयाचे तर थोडे मागे जावे लागते.

पालि वाङ्मयात विवाहविधीचे तंत्र सांगणारा एकही स्वतंत्र ग्रंथ नाही. याचे कारण विनयातच सापडते. संघादिसेसाच्या तेरा नियमांपैकी पाचवा नियम 'सञ्चरित्त' होय. उदायी नावाचा भिक्खू घरोघरी जाऊन स्थळे जुळवीत असे. त्यावरून उठलेल्या तक्रारींतून हा नियम घडला. स्त्रीचा मनोदय पुरुषाला व पुरुषाचा स्त्रीला पोहोचविणे हा भिक्खूच्या बाबतीत गंभीर दोष ठरला. दीघनिकायाच्या ब्रह्मजाल सुत्तात आवाह-विवाहाचे मुहूर्त सांगून उदरनिर्वाह करणे निषिद्ध जीविकेत गणले आहे. येथे एक भेद मात्र ध्यानात घेतला पाहिजे. हा निषेध मध्यस्थीचा व मुहूर्ताचा आहे. विवाहानंतर दांपत्याच्या कल्याणासाठी परित्तपाठ करण्याचा नाही. भिक्खूने मंगलसुत्त म्हणावे, परंतु 'मी यांचा विवाह लावला' असे त्याने म्हणणे विनयाच्या वृत्तीशी जुळत नाही, असे माझे मत आहे.

मुहूर्त सांगणाऱ्याचा रुसवा किती महाग पडतो, हे नक्खत्त जातकात मोठ्या मार्मिकपणे आले आहे. नगरातील एका कुटुंबाने खेड्यातील मुलगी मागितली, दिवस ठरविला आणि मग आपल्या कुलगुरू आजीवकाला नक्षत्र विचारले. आपल्याला आधी विचारले नाही याचा त्याला राग आला. त्याने आजचा दिवस अशुभ म्हणून सांगितले. वऱ्हाड गेले नाही. मुलीकडच्यांनी वाट पाहिली आणि त्याच मांडवात मुलगी दुसऱ्यास दिली. दुसऱ्या दिवशी दोन्ही पक्षांत भांडण जुंपले. त्या आजीवकाचे मात्र काहीच बिघडले नाही.

याहून अधिक उपयोगाची कथा धम्मपद-अट्ठकथेतील विशाखेची आहे. साकेतच्या धनंजय श्रेष्ठीची ही कन्या सावत्थीच्या मिगार श्रेष्ठीच्या पुत्राला, पुण्णवड्ढनाला दिली गेली. अट्ठकथाकाराने दागिन्यांचे वर्णन इतके लांबविले आहे की वाचक दमून जातो. पण मुख्य प्रसंग साधा आहे. निघताना पित्याने कन्येला दहा उपदेश केले आणि आठ कुटुंबिकांना, म्हणजे जबाबदार गृहस्थांना, तिच्यासोबत जामीन म्हणून नेमले. उद्या तिच्यावर काही आरोप आला तर निवाडा त्यांनी करावा, अशी योजना होती. पुढे मिगाराने खरोखरच तिला घराबाहेर काढण्याचा प्रयत्न केला, तेव्हा विशाखेने या आठ जणांना बोलावून घेतले. अग्नीविषयीच्या उपदेशावर सासऱ्याचा आक्षेप होता. शेजाऱ्याला विस्तव द्यावयाचा नाही की काय, असे तो विचारू लागला. घरातील उणेदुणे बाहेर नेऊ नये एवढाच त्याचा अर्थ, असे तिने समजावून दिले. कुटुंबिकांनी तिला निर्दोष ठरविले. या विवाहाला बळकटी आली ती स्पष्ट उच्चारलेल्या वचनांनी आणि नंतरही पाठीशी उभ्या राहिलेल्या साक्षीदारांनी. विधी कोणी केला याची आठवण ठेवण्याची गरज कथाकाराला वाटली नाही.

इतर बौद्ध देशांतही विवाह हे गृहस्थांचेच कार्य राहिले. श्रीलंकेत वधूवर 'पोरुव' नामक मंचावर उभे राहतात, जाणता गृहस्थ विधी करतो व मुली जयमंगल गाथा गातात. थायलंडमध्ये सकाळी भिक्खू परित्तपाठ करून भोजनदान स्वीकारतात, पण दांपत्याच्या हातांवर पाणी घालतात ते कुटुंबातील व समाजातील ज्येष्ठ.

महाराष्ट्रात या प्रश्नाला निराळीच धार होती, कारण येथे विधिकर्ता निवडण्याचा अधिकारच यजमानाला नव्हता. गावचा जोशी वतनदार. त्याला बोलवा वा न बोलवा, दक्षिणेवर त्याचा हक्क. २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाजाची स्थापना झाली आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला सीताराम जबाजी आल्हाट व राधा यांचा विवाह पुरोहितावाचून पार पडला. महात्मा फुले यांनी १८८७ मध्ये मंगलाष्टकांसह पूजाविधीची पुस्तिका प्रसिद्ध केली. तिच्यातील मंगलाष्टके मध्यस्थ म्हणत नाही. वधू आणि वर एकमेकांना उद्देशून मराठीत बोलतात, आणि वधू स्त्रियांच्या हक्कांचे आश्वासन मागते. स्वतःच्या शब्दांत प्रतिज्ञा घेऊ पाहणाऱ्या आजच्या जोडप्यांना हे पाश्चात्त्य अनुकरण आहे म्हणून हिणवणाऱ्यांनी ही पुस्तिका एकदा पाहावी.

जोशांनी अर्थातच न्यायालय गाठले. जुन्नर तालुक्यातील ओतूरचे प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले व १८९० मध्ये निर्णय सत्यशोधकांच्या बाजूने लागला. तरीही वतनी हक्काची टांगती तलवार दूर होण्यास १९२६ साल उजाडावे लागले. सीताराम केशव बोले यांच्या प्रयत्नाने मुंबई कायदेमंडळात झालेल्या कायद्याने, न बोलावलेल्या पुरोहिताचा दक्षिणेवरील दावा निकालात काढला.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ च्या जातिनिर्मूलनविषयक भाषणात पौरोहित्य वंशपरंपरेने चालू नये, परीक्षा व सनद यांवाचून कोणी विधी करू नये, असा विचार मांडला होता. हिंदू समाजाच्या सुधारणेसाठी सुचविलेला हा उपाय होता. स्वतः बौद्ध धम्म स्वीकारल्यावर त्यांनी जे केले ते त्याहून साधे आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे भदंत चंद्रमणी महास्थविरांकडून त्यांनी त्रिशरण-पंचशील घेतले आणि लगेच जनसमुदायाला दीक्षा स्वतः दिली. ते भिक्खू नव्हते. उपासक होते. बावीस प्रतिज्ञाही त्यांनी स्वतः रचलेल्या होत्या. त्याच वर्षाच्या अखेरीस लिहिलेल्या पत्रात त्यांनी बौद्ध विवाहाचे स्वरूप सांगितले आहे. होम नाही, सप्तपदी नाही. वधूवरांची वस्त्रे पांढरी, मधोमध पाण्याने भरलेले नवे मातीचे भांडे, त्यात सोडलेल्या सुताची टोके दोघांच्या हाती. आणि मंगलसुत्त कोणी तरी म्हणावे. त्या व्यक्तीची जात, लिंग, पद, वस्त्र यांपैकी कशाचीही अट त्यांनी घातलेली नाही. हे अनवधान नव्हे, असे मला वाटते.

महापरिनिर्वाणानंतर भारतीय बौद्ध महासभेने श्रामणेर शिबिरे घेऊन बौद्धाचार्यांची प्रशिक्षित फळी उभी केली, हे कार्य मोठेच. खेडोपाडी जेथे त्रिशरणही नीट कोणाला येत नव्हते, तेथे या मंडळींनी स्वखर्चाने जाऊन विवाह लावले, बोहल्यावरच्या जुन्या रूढी मोडल्या. त्यांची टिंगल करणाऱ्यांपैकी मी नाही. पण प्रशिक्षण ही सोय आहे, मक्तेदारी नव्हे. कायद्याचाही आधार वडीलधाऱ्यांच्या हरकतीला मिळत नाही. १९५५ चा हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू आहे. तो दोहोंपैकी एका पक्षाच्या रूढ विधींची अपेक्षा करतो, विशिष्ट विधिकर्त्याची नाही. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात तर विवाह अधिकारी व तीन साक्षीदार पुरतात. महाराष्ट्रात विवाहनोंदणीच्या वेळी विवाह लावणाऱ्याचे नाव व सही मागतात, तेव्हा ती देण्यास तयार असलेली व्यक्ती निवडावी, एवढी व्यावहारिक काळजी पुरे.

मग निवड कोणत्या कसोटीवर करावी? मंगलसुत्ताचा अर्थ तिला मराठीत सांगता यावा. सिगालोवाद सुत्तात पतीची पाच व पत्नीची पाच कर्तव्ये आहेत. त्यांपैकी पतीची पाच गाळून केवळ वधूला उपदेश करणारे विधिकर्ते मी पाहिले आहेत, त्यांना दुरूनच वंदन करावे. आणि विशाखेच्या आठ कुटुंबिकांप्रमाणे, पुढे कधी बोलावले तर येणारी ती व्यक्ती असावी. लग्नाच्या एकाच दिवसात चार मांडव उरकणाऱ्याकडून ही अपेक्षा कशी करावी?

त्या वधूच्या मावशीने अखेर विवाह लावला. वडीलधाऱ्यांच्या समाधानासाठी गावचे वृद्ध बौद्धाचार्य शेजारी बसले होते. मावशींच्या एका गाथेत ऱ्हस्व-दीर्घाची चूक झाली, ती मला ऐकू आली. बौद्धाचार्यांनाही आली असावी. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि पुढची ओळ तिच्याबरोबर हळू आवाजात म्हटली.