भाव आणि मोल

दापोली तालुक्यातील बुरोंडी हे समुद्रकाठचे मासेमारीचे गाव. होड्या किनाऱ्याला लागल्या की मासळीचा भाव ठरतो आणि दिवस मावळेपर्यंत तो बदललेलाही असतो. चित्रपटाचा भावही तिकीटखिडकीवर असाच चढतो, उतरतो. त्याचे मोल ठरविणे हे निराळे काम आहे. महोत्सवांतील परीक्षक मंडळे ते करीत आली आहेत. या कार्यात ख्रिस्तसभेचाही वाटा आहे, याचे स्मरण आम्हांला येथे करून द्यावयाचे आहे.

बुरोंडीच्याच तालुक्यात पालगड आहे. १८९९ साली तेथे जन्मलेले साने गुरुजी दापोलीच्या मिशन शाळेत शिकले. १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात त्यांनी लिहिलेल्या 'श्यामची आई'वर आचार्य अत्रे यांनी १९५३ साली चित्रपट काढला. १९५४ मध्ये राष्ट्रीय पुरस्कारांचा आरंभ झाला, तेव्हा पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक या चित्रपटास मिळाले. कोकणातील एका दरिद्री घरातील आई साऱ्या देशाने वंदनीय मानली. त्यात श्यामची भूमिका करणारे माधव वझे पुढे नाट्यसमीक्षक झाले, हा योगायोगही लक्षणीय आहे.

हा निवाडा शासनाने नेमलेल्या समितीचा होता. केवळ समीक्षकांनी कौल देण्याची प्रथा युरोपात त्यापूर्वीच रुजली होती. चित्रपट समीक्षकांचा आंतरराष्ट्रीय महासंघ, 'फिप्रेस्की', १९३० साली ब्रुसेल्स येथे स्थापन झाला आणि १९४६ च्या कान महोत्सवापासून त्याचे पारितोषिक दिले जाऊ लागले.

ख्रिस्तसभेची वाटचाल याच सुमाराची आहे. कॅथलिक चित्रपट संघटना १९२८ साली हेग येथे उभी राहिली. त्या काळी धर्माधिकाऱ्यांना चित्रपटाची चिंता अधिक वाटे. अकरावे पायस यांच्या १९३६ च्या परिपत्रकात सावधगिरीचा सूर ठळक आहे. काय पाहू नये, हे सांगण्यावर भर होता. परंतु १९४७ साली ब्रुसेल्सच्या महोत्सवात या संघटनेचे परीक्षक मंडळ बसले आणि काय आवर्जून पाहावे, हे सांगण्याची परंपरा सुरू झाली. १९५६ मध्ये कान येथे सत्यजित राय यांच्या 'पथेर पांचाली'ची या मंडळाने खास दखल घेतली. त्या बंगाली घरात क्रूस नव्हता. पण दारिद्र्यातही न विझणारी माया होती. परीक्षकांनी ती ओळखली, हे आम्हांस फार मोलाचे वाटते. १९७३ पासून लोकार्नो येथे, व १९७४ पासून कान येथे, प्रोटेस्टंट बंधूंसह संयुक्त मंडळे बसू लागली. २००१ साली ही संघटना 'सिग्निस'मध्ये विलीन झाली.

महाराष्ट्रात १९६८ साली सुरू झालेल्या प्रभात चित्र मंडळाने चोखंदळ प्रेक्षक घडविला. अशोक राणे यांच्यासारखे मराठी समीक्षक परदेशांतील महोत्सवांत परीक्षक म्हणून बसले. २०२० साली व्हेनिस येथे चैतन्य ताम्हाणे यांच्या 'द डिसायपल' या मराठी चित्रपटाला फिप्रेस्कीचे पारितोषिक मिळाले. ज्याला यश लाभत नाही, अशा एका शास्त्रीय गायकाची ती कथा. अपयशाच्या कथेला बाजारात गिऱ्हाईक थोडे. समीक्षकांनी मात्र तिचे मोल जाणले.

परीक्षकाचे आसन मानाचे असले तरी सुखाचे नाही. ओळखीपाळखी, स्वदेशाभिमान, सलग चित्रपट पाहून आलेला शीण, या साऱ्यांवर मात करून त्याला न्याय द्यावा लागतो. आपले मत मांडावे लागते आणि दुसऱ्याचे पटले तर ते सोडावेही लागते.

आज बुरोंडीसारख्या गावातही चित्रपट हातातल्या फोनवर येतो. आता प्रत्येक घर हेच एक परीक्षक मंडळ झाले आहे. मुलांना नुसते 'पाहू नका' म्हणणे सोपे आहे. त्यांच्याशेजारी बसून एखादा चांगला चित्रपट शेवटपर्यंत पाहणे व मग त्यांचे मत ऐकून घेणे अवघड आहे. ख्रिस्तसभेला निषेधाकडून निवडीकडे यावयास वीस वर्षे लागली. आपल्या कुटुंबांनी इतका काळ घेऊ नये, एवढीच आमची विनंती.