नॉर्मलायझेशन
रिलेशनल डेटाबेसमधील तक्ते असे विभागण्याची पद्धत, की प्रत्येक माहिती एकाच ठिकाणी नोंदली जाईल. आयबीएममधील संशोधक एडगर कॉड यांनी १९७० मध्ये रिलेशनल प्रारूप मांडले. या विभागणीच्या पायऱ्यांना नॉर्मल फॉर्म म्हणतात; त्यांतील दुसरा व तिसरा त्यानंतरचे. ग्रंथालयाच्या देवघेवीच्या तक्त्यात दर ओळीला सभासदाचा पत्ताही लिहिला, तर घर बदलताच अनेक ओळी दुरुस्त कराव्या लागतात. एखादी राहिली की एकाच माणसाचे दोन पत्ते होतात, आणि त्याची एकमेव देवघेव पुसली तर पत्ताही जातो. पत्ता ठरतो सभासद क्रमांकावरून, देवघेवीवरून नव्हे. म्हणून सभासदांचा तक्ता वेगळा करून तो क्रमांकाने जोडतात. व्यवहारात बहुधा तिसरा फॉर्म पुरतो. अहवाल झटपट हवे असल्यास थोडी पुनरुक्ती मुद्दाम ठेवतात. त्यात गैर काही नाही.