कमाई तिची, सही दुसऱ्याची



आज आम्ही तुम्हाला जरा लांबची गोष्ट सांगणार आहोत. अमेरिकेतली एक गायिका, तिचं नाव ब्रिटनी स्पीअर्स. तिच्या आयुष्यात तेरा वर्षं अशी गेली की पैसा ती कमवत होती आणि सही दुसऱ्याची चालत होती. त्या तेरा वर्षांकडे जगाचं लक्ष वळवण्यात एका माहितीपटाचा मोठा वाटा आहे. म्हणून ही गोष्ट त्या बाईचीही आहे आणि त्या माहितीपटाचीही.

माहितीपट म्हणजे काय, ते आधी सांगतो. सिनेमात नट-नट्या काम करतात. माहितीपटात खरी माणसं असतात, खऱ्या घटना असतात, जुनी चित्रणं आणि फोटो असतात. पण खरं दाखवायचं म्हटलं तरी कोणीतरी निवड करतंच. काय दाखवायचं, काय गाळायचं, कोणाला बोलतं करायचं, हे बनवणारा ठरवतो. म्हणून माहितीपट बघताना एक प्रश्न मनात ठेवावा: ही गोष्ट कोण सांगतंय, आणि जिची आहे तिला विचारलंय का?

ब्रिटनीचा जन्म १९८१ चा. ती वाढली लुइझियाना राज्यातल्या केंटवूड नावाच्या छोट्या गावात. वडील बांधकामाच्या धंद्यात, आई शिक्षिका. पोरीचा गळा चांगला, नाचही चांगला. दहा वर्षांची असताना, १९९२ मध्ये, ती टीव्हीवरच्या एका स्पर्धेत गायली. गाणं झाल्यावर सूत्रसंचालकानं, जो तिच्या आजोबांच्या वयाचा होता, तिला काय विचारावं? तुला कोणी बॉयफ्रेंड आहे का! दहा वर्षांच्या पोरीला. समोर बसलेले लोक हसले. पुढे पंधरा वर्षं काय होणार होतं, त्याची ही नांदीच म्हणायची.

१९९८ मध्ये तिचं पहिलं गाणं बाजारात आलं आणि सोळा वर्षांची ही मुलगी जगभर प्रसिद्ध झाली. पैसा आला, गर्दी आली, आणि प्रश्नही आले. तरुण मुलगे गायक तेव्हाही होते. त्यांना गाण्याबद्दल विचारत. हिला मात्र कॅमेऱ्यासमोर तिच्या छातीबद्दल विचारलं गेलं, ती अजून कुमारी आहे का हे विचारलं गेलं. तिनं हसून वेळ मारून नेली. चिडली असती तर उर्मट ठरली असती. ही कसरत आपल्याकडच्या बायांना वेगळी समजावून सांगायला नको.

पुढे एका गायकाबरोबरचं तिचं प्रेम मोडलं. दोघांचं नातं दोघांनी मोडलं असेल, पण दोष तिच्याच पदरात आला. २००३ मध्ये टीव्हीवरच्या एका मोठ्या मुलाखतीत तिला विचारलं गेलं, तू त्या मुलाला एवढं दुखावलंस, असं केलंस तरी काय? त्याच मुलाखतीत तिला आणखी एक गोष्ट ऐकवली गेली. एका राज्याच्या गव्हर्नरची बायको म्हणाली होती की संधी मिळाली तर मी हिला गोळी घालीन. का, तर म्हणे ही मुलींपुढे वाईट उदाहरण ठेवते. एकवीस-बावीस वर्षांची ती मुलगी मुलाखतीतच रडली. तिचं रडणंही टीव्हीवर दाखवलं गेलं.

२००४ मध्ये तिनं लग्न केलं. २००५ आणि २००६ मध्ये एका पाठोपाठ एक दोन मुलं झाली, आणि २००६ च्या नोव्हेंबरात तिनं घटस्फोटाचा अर्ज केला. म्हणजे धाकटं लेकरू जेमतेम दोन महिन्यांचं, थोरलं सुमारे चौदा महिन्यांचं आणि संसार मोडलेला. अशा बाईला आपल्याकडे माहेरी आणतात, तेल-पाणी करतात, चार दिवस झोपू देतात. तिच्या दारात मात्र फोटोवाले उभे होते. ती गाडीत बसली की मागे गाड्यांची रांग. तिचा फोटो मासिकांना हजारो डॉलरला विकला जाई, आणि ती रडत असेल, धडपडत असेल, तर भाव आणखी चढे. म्हणजे तिचा त्रास हाच माल झाला होता. तिला बरं वाटणं कोणाच्याच फायद्याचं नव्हतं.

१६ फेब्रुवारी २००७ च्या रात्री ती लॉस एंजेलिसमधल्या एका केशकर्तनालयात गेली आणि स्वतःच्या हातानं डोकं भादरलं. बाहेरून काचेतून फोटो निघत होते. काही दिवसांनी, मुलांना भेटता आलं नाही त्या रात्री, तिनं एका फोटोवाल्याच्या गाडीवर छत्री हाणली. हे दोन फोटो जगभर गेले. ‘वेडी झाली’ असा शिक्का बसला. टीव्हीवरच्या कौटुंबिक खेळात प्रश्न आला की ब्रिटनीनं या वर्षात काय काय गमावलं, आणि स्पर्धकांनी हसत हसत उत्तरं दिली: नवरा, केस, डोकं. त्याच वर्षी मुलांचा ताबा वडिलांकडे गेला.

२००८ च्या जानेवारीत तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. आणि १ फेब्रुवारी २००८ ला कोर्टानं तिच्यावर कारभारी नेमला.

ही व्यवस्था नीट समजून घेऊ. अमेरिकेत एखादा प्रौढ माणूस स्वतःचं बघायला असमर्थ आहे असं कोर्टाला वाटलं, तर त्याच्या देखभालीला आणि पैशाला कारभारी नेमतात. ज्यांची स्मृती गेली आहे अशा म्हाताऱ्या माणसांसाठी ही व्यवस्था जास्त करून वापरली जाते. इथे ती सव्वीस वर्षांच्या बाईला लावली. कारभारी झाले तिचे वडील, आणि पैशाच्या बाजूला त्यांच्या जोडीला एक वकील. तिनं तेव्हाच दुसऱ्या एका वकिलाला गाठून सांगितलं होतं की वडील कारभारी नकोत. पण स्वतःचा वकील नेमण्याइतकी ती सक्षम नाही, असं कोर्टाचं म्हणणं पडलं.

आता गंमत बघा. जी बाई वकील नेमायला सक्षम नाही, ती काम करायला मात्र सक्षम होती. त्याच वर्षी तिचा नवा गाण्यांचा संग्रह आला. २००९ मध्ये तिनं जगाचा दौरा केला. २०१३ च्या अखेरीपासून चार वर्षं लास व्हेगास शहरात तिनं सुमारे अडीचशे कार्यक्रम केले. पैसा कोट्यवधी डॉलरमध्ये आला. त्यातून वडिलांना महिन्याला १६,००० डॉलर पगार मिळत होता. तिच्या स्वतःच्या हातखर्चाला एका वेळी आठवड्याचे २,००० डॉलर ठरवलेले होते. तिचे वकील तिच्या पैशानं, आणि तिच्या विरुद्ध उभे राहणारे वकीलही तिच्याच पैशानं.

आपल्या गटांमध्ये हे चित्र लहान आकारात ओळखीचं आहे. कर्ज बाईच्या नावावर, एटीएम कार्ड दुसऱ्याच्या खिशात. शेत तिच्या नावावर, सातबारा कधी काढला ते तिला माहीत नाही. घरधन्याला आपण प्रेमानं ‘कारभारी’ म्हणतो, पण कारभार चालतो कोणाच्या कष्टावर, हे विचारायला कचरतो.

२०१९ मध्ये ब्रिटनीनं काम थांबवलं, आणि तिच्या चाहत्यांना शंका येऊ लागली. ते कोर्टाबाहेर फलक घेऊन उभे राहू लागले: ब्रिटनीला मोकळं करा. बऱ्याच लोकांनी त्यांची टिंगल केली. मग ५ फेब्रुवारी २०२१ ला न्यूयॉर्क टाइम्स या वर्तमानपत्राचा माहितीपट अमेरिकेत दाखवला गेला. नाव ‘फ्रेमिंग ब्रिटनी स्पीअर्स’, दिग्दर्शिका सामंथा स्टार्क.

या माहितीपटानं नवं असं फार थोडं दाखवलं. मुलाखती जुन्या, फोटो जुने, तेच भादरलेलं डोकं, तीच छत्री. पण क्रम लावून दाखवलं. आधी दहा वर्षांच्या पोरीला विचारलेला प्रश्न, मग कुमारीपणाचा प्रश्न, मग रडवणारी मुलाखत, मग गाडीभोवतीची झुंबड, आणि मग छत्री. ज्याच्या गाडीवर छत्री बसली त्या फोटोवाल्यालाही बोलतं केलं. तो म्हणाला, आमचा त्रास होतो असं तिनं कधी जाणवू दिलं नाही. त्याला उलट विचारलं, ती ‘मला एकटं सोडा’ म्हणाली होती, त्याचं काय? त्याला नीट उत्तर देता आलं नाही. लहानपणापासून ब्रिटनीच्या सोबत राहिलेल्या, गावाकडच्या एका बाईनंही आठवणी सांगितल्या. बघणाऱ्यांचा प्रश्नच बदलला. आधी सगळे विचारत होते, हिला झालंय काय? आता विचारू लागले, हिच्याशी कोण काय करत होतं? आठवड्याभरात त्या जुन्या मित्रानं तिची जाहीर माफी मागितली.

असा प्रश्न बदलायला कधी कधी फार उशीर होतो. लंडनची गायिका एमी वाइनहाउस हिनं २००८ मध्ये एका वेळी पाच ग्रॅमी पुरस्कार मिळवले. दारू आणि नशेनं ती खंगत होती, आणि तिच्याही दारात असेच फोटोवाले होते. टीव्हीवर तिच्या व्यसनावर विनोद होत होते. २३ जुलै २०११ ला, सत्ताविसाव्या वर्षी, अति मद्यपानानं ती गेली. भारतीय मुळाचे ब्रिटिश दिग्दर्शक आसिफ कपाडिया यांनी तिच्यावर ‘एमी’ हा माहितीपट केला. तो २०१५ मध्ये आला आणि पुढल्या वर्षी त्याला ऑस्कर मिळाला. त्यात मैत्रिणींनी घरी काढलेली चित्रणं आहेत, चौदा वर्षांची हसरी मुलगी आहे, आणि नंतर कॅमेऱ्यांच्या दिव्यांचा लखलखाट आहे. तिच्या वडिलांना तो पटला नाही, आपल्याला चुकीचं रंगवलं असं ते म्हणाले. २०२१ मध्ये तिच्या आईच्या बाजूनं दुसरा माहितीपट आला. एकाच लेकीच्या दोन गोष्टी. खरं-खोटं सांगायला ती स्वतः मात्र नव्हती.

ब्रिटनी होती. आणि इथे माहितीपटाचीही परीक्षा झाली. तिच्यावरच्या त्या माहितीपटात तिची मुलाखत नाही. आमची विचारणा तिच्यापर्यंत पोचली की नाही हे कळू शकलं नाही, असं बनवणाऱ्यांनीच शेवटी लिहिलं आहे. मार्च २०२१ मध्ये तिनं लिहिलं की मी तो पूर्ण पाहिला नाही, पण जेवढा पाहिला त्यानं मला लाज वाटली आणि मी दोन आठवडे रडले. ज्या फोटोंनी तिचा घात केला, तेच फोटो तिच्या बाजूनं बोलायलाही पुन्हा दाखवले गेले होते. हेतू चांगला असला तरी जखम तिचीच उघडी पडली.

मग ती स्वतः बोलली. २३ जून २०२१ ला, फोनवरून, कोर्टासमोर, वीस मिनिटांहून जास्त वेळ. तिनं सांगितलं की मनाविरुद्ध कार्यक्रम करायला लावले, नको असलेली औषधं दिली. तिला लग्न करायचं होतं, मूल हवं होतं, पण अंगात बसवलेली तांबी काढायला परवानगी मिळत नव्हती. आणि आणखी एक गोष्ट सांगितली, ती प्रत्येक बाईनं ऐकावी. ही व्यवस्था रद्द करण्यासाठी मीच अर्ज करू शकते, हे मला माहीतच नव्हतं, असं ती म्हणाली.

त्यानंतर चक्रं फिरली. जुलैत तिला स्वतःचा वकील निवडता आला. २९ सप्टेंबरला वडिलांना कारभारावरून दूर केलं. १२ नोव्हेंबर २०२१ ला न्यायाधीश ब्रेंडा पेनी यांनी ती व्यवस्थाच संपवली. २०२३ मध्ये तिनं आपली कहाणी स्वतःच्या नावानं पुस्तकात सांगितली.

माहितीपटानं दार ठोठावलं, पण ते उघडलं तिच्या बोलण्यानं. दुसऱ्यानं आपली बाजू मांडणं आणि आपल्याला बोलू देणं, यात हाच फरक आहे.

आता आपल्या कायद्याचं थोडं. भारतात २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आहे. मानसिक आजार आहे एवढ्यावरून माणूस निर्णय घ्यायला असमर्थ ठरत नाही, असं तो सांगतो. पुढे आजारी पडलो तर कसे उपचार हवेत, आपल्या वतीनं कोणी बोलावं, हे आधीच लिहून ठेवता येतं. मानसिक आजारावरचा उपचार म्हणून बाईची नसबंदी करायला बंदी आहे. उपचार घेणाऱ्याचा फोटो किंवा माहिती त्याच्या संमतीशिवाय वर्तमानपत्राला, टीव्हीला देता येत नाही. आणि वकिलाचं म्हणाल, तर बाईला कायद्याची मदत मोफत मिळते, तिचं उत्पन्न कितीही असो. त्यासाठी तालुक्याच्या कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे जायचं. मन ठिकाणावर नसेल तर १४४१६ या सरकारी टेलिमानस क्रमांकावर फुकट बोलता येतं.

गावात एखादी बाई कधी डोक्यावर पदर न घेता ओरडत सुटते, कधी विहिरीच्या काठाशी बसून राहते. तेव्हा मोबाइल वर करून चित्रण घेणारे चार जण असतात. ते चित्रण संध्याकाळपर्यंत साऱ्या गटांवर फिरतं. ते पुढे पाठवायचं नाही, एवढं तरी आपल्या हातात आहे. तिच्याजवळ जाऊन बसायचं, पाणी द्यायचं, आणि तिला विचारायचं, बाई, तुला काय हवंय?

येत्या बैठकीत गटात दोन गोष्टी बोलून बघा. आपल्यापैकी कितीजणींचं पासबुक स्वतःजवळ आहे? आणि गावात जिच्याबद्दल सगळे बोलतात, पण जिच्याशी कोणी बोलत नाही, अशी बाई कोण? पहिल्या प्रश्नाला हात वर करा. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मोठ्यानं सांगू नका. बैठक संपल्यावर तिच्या घरी जाऊन या.