धाप किनवटची, पुरावा स्कॉटलंडचा

जुनाट फुप्फुसरोगावर, म्हणजे सीओपीडीवर, मोबाइल अ‍ॅप हा सिद्ध झालेला उपाय आहे असे हल्ली सहज म्हटले जाते. पूर्वपक्ष असा: तज्ज्ञ शहरात आहेत, रुग्ण खेड्यात. आजार मुळातून बरा होत नाही, रोज सांभाळावा लागतो. फोन घरोघरी पोचला आहे. तेव्हा रुग्णाने धाप, खोकला, बेडक्याचा रंग रोज नोंदवावा आणि बिघाड दिसताच अ‍ॅपने इशारा द्यावा. पुरावा जगात जमलेलाच आहे, नांदेड-लातुरात फक्त वाटप उरले आहे.

यातले शेवटचे विधान खोटे आहे, आणि सगळी भिस्त त्यावरच आहे.

2017 साली वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या ‘कॉक्रेन’ संस्थेच्या अभ्यासकांनी या साधनांचा आढावा घेतला, तेव्हा निकषांत बसणारे अवघे 3 प्रयोग सापडले. सहा महिन्यांपर्यंत थोडी सुधारणा दिसली. ती पुढे टिकेल असे त्यांना म्हणता आले नाही. स्कॉटलंडमधल्या लोदियनचा 2013 सालचा प्रयोग तर फार बोलका आहे. 256 रुग्णांपैकी निम्म्यांच्या घरी रोजची लक्षणे कळवणारी यंत्रणा बसवली, निम्म्यांकडे नाही. डॉक्टर, परिचारिका, उपचार मात्र दोघांना सारखेच. रुग्णालयात भरती होण्यात फरक पडला नाही. इतरत्र जो गुण यंत्राच्या नावावर जमा होतो, तो यंत्राचा की त्यामागे बसलेल्या माणसाचा, हा प्रश्न इथे उभा राहतो.

‘वाटून तर पाहू, नुकसान काय?’ हेही टिकत नाही. अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांत 426 रुग्णांवर स्वव्यवस्थापनाच्या शिक्षणाचा प्रयोग चालू होता. शिकवलेल्या गटात 28 मृत्यू झाले, दुसऱ्यात 10, म्हणून तो मध्येच थांबवावा लागला. 2012 साली हे प्रसिद्ध झाले. नेमके कारण संशोधकांना सांगता आले नाही. तिथे अ‍ॅप नव्हते, पण रुग्णानेच आजारावर लक्ष ठेवावे हे तत्त्व तेच होते.

कोणी म्हणेल, फुप्फुस इथून तिथून सारखेच. असेल, पण धूर सारखा नाही. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी 2009 मध्येच ‘लॅन्सेट’मधून धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीकडे लक्ष वेधले होते. पाश्चात्त्य प्रयोगांतले बहुतेक रुग्ण सिगारेट ओढलेले. नांदेड जिल्ह्यातल्या किनवट-माहूरकडच्या बाईने विडीला हात न लावता जन्मभर सरपण, पऱ्हाटी, गोवऱ्यांचा धूर घेतलेला असतो, आणि संध्याकाळी तिला पुन्हा त्याच चुलीपुढे बसायचे असते. ‘धुरापासून दूर राहा’ हा संदेश तिच्या काय कामाचा? आजाराची तीव्रता मोजणारी जगभरची प्रचलित प्रश्नावली विचारते, चढण किंवा जिन्याचा एक टप्पा चढताना धाप लागते का? सपाट गावातल्या एकमजली घरात विचारायचे ते पाण्याचा हंडा आणताना मध्ये टेकावे लागते का. आणि फोन घरात असला तरी कोणाच्या हातात असतो? 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी इंटरनेट कधीतरी वापरलेल्या 38 टक्के होत्या. धाप लागणाऱ्या बायका बहुधा त्याहून वयाने मोठ्या.

म्हणून पुरावा इथेच जमवावा, आणि तो जमवता येतो. आशाताई तिशीपुढच्या माणसांचा जो तपासणी फॉर्म भरतात, त्यात दम लागण्याचा आणि चुलीतल्या जळणाचा प्रश्न आधीच आहे. त्यातून निघालेल्यांची विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण वैद्यकीय महाविद्यालयात किंवा लातूरच्या विलासराव देशमुख संस्थेत स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकर मारून करायची फुप्फुसाची चाचणी, करून निदान पक्के करावे; नुसत्या ‘दमा’ या नावावर विसंबू नये. मग गावांचे चिठ्ठ्या टाकून तीन गट पाडावेत. पहिल्याला औषधाचा पंप (इन्हेलर) आणि तो नीट ओढायचे शिक्षण. दुसऱ्याला शिवाय आशाताईची ठरलेली भेट. तिसऱ्याला या दोन्हींवर मोबाइल, तोही वाचायचा नव्हे, ऐकायचा: मराठीत, बंजाऱ्यांच्या गोरमाटीत, देगलूर-बिलोलीकडे तेलुगूतही. तिसरा गट दुसऱ्याच्या पुढे गेला, तरच श्रेय मोबाइलचे. मोजायचे ते बुडालेली मजुरी, दवाखान्यातले दिवस, मृत्यू. फोन घेऊन मुलगा पुण्याला गेला म्हणून जिची नोंद थांबली, ती बाईही तिसऱ्याच गटात मोजायची.

एवढे थांबायला वेळ कुठे, असे विचारले जाईल. पण या काळात पहिल्या गटालाही पंप आणि तो ओढायचे शिक्षण मिळतच असेल, आणि नुसते अ‍ॅप वाटले तर हातात तेवढेही पडत नाही.