सरकारी पडद्यावर कोण बोलले?

सेन्सॉर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कात्री उभी राहते. पण कात्री हे नियंत्रणाचे सर्वांत ढोबळ साधन होय. जेथे कॅमेरा सरकारचा, फिल्म सरकारची आणि पडद्यावरही सरकारचा हुकूम, तेथे नियंत्रण कात्रीच्या कितीतरी आधी सुरू झालेले असते. कम्युनिस्ट राजवटीतील हंगेरी हे याचे एक उदाहरण आणि आपल्या मुंबईतील फिल्म्स डिव्हिजन हे दुसरे. ही तुलना काहींना रुचणार नाही. तिकडे एकपक्षीय राजवट होती, इकडे निवडणुका होत होत्या, हा फरक मी विसरलेलो नाही. तरीही ती करून पाहिली पाहिजे.

हंगेरीत १९५६ चा उठाव चिरडल्यानंतर सांस्कृतिक कारभार ग्यॉर्गी आत्सेल या पुढाऱ्याच्या हाती आला. कलाकृतींचे तीन वर्ग ठरले: उत्तेजन द्यावयाच्या, खपवून घ्यावयाच्या आणि बंदी घालावयाच्या. त्याच काळात बुडापेस्टमध्ये तरुण दिग्दर्शकांसाठी बेला बलाझ स्टुडिओ उभा राहिला. पैसा सरकारचा, पण संहिता आधी मंजूर करून घेण्याची सक्ती नाही. मात्र तयार झालेला चित्रपट लोकांना दाखवला जाईलच, याचीही हमी नाही. १९६२ साली शांदोर शारा याने तेथे रोमा लोकांवर लघुपट केला. रोमा म्हणजे युरोपातील जिप्सी. त्यांच्या भाषेचे मूळ भारतात आहे. त्या लघुपटात ही गावकुसाबाहेरची माणसे आपली हकीकत स्वतः सांगतात. पुढे १९७२ मध्ये ज्यूला गाझदाग आणि युदित एम्बेर यांनी 'ठराव' नावाचा चित्रपट केला. एका सहकारी शेतीसंस्थेच्या अध्यक्षाला हटवण्याचा घाट पक्षाचे अधिकारी कसा घालतात, ते त्यात जसेच्या तसे टिपले होते. तो अनेक वर्षे कपाटात पडून राहिला. कॅमेऱ्याची कसलीही करामत त्यात नव्हती. माणसे बोलत होती, इतकेच.

आपल्याकडे कपाटाची गरज नव्हती. १९४८ साली फिल्म्स डिव्हिजन स्थापन झाली आणि तिचे लघुपट व वार्तापट दाखवणे प्रत्येक थिएटरला बंधनकारक झाले. दर खेळाला दोन हजार फुटांपर्यंत, म्हणजे वीस-बावीस मिनिटे. शिवाय आठवड्याच्या निव्वळ उत्पन्नाचा एक टक्का भाडे थिएटरवाल्यानेच भरायचे. या लघुपटांत धरणे, कारखाने, शेते, नाचणारे आदिवासी, सारे असे. बोलत असे तो निवेदक. मराठी प्रतीत तो शुद्ध मराठीत बोले, एवढाच बदल.

माझे वडील अकोल्याच्या एका जिनिंगमध्ये रुईच्या गाठी उचलीत. जुन्या शहरातून मोर्णा ओलांडून ते पिक्चरला जात. बाल्कनीतले लोक सरकारी लघुपट संपेपर्यंत बाहेर चहा पीत. थर्डाच्या बाकड्यांना मात्र नंबर नसत. जागा धरायची तर आधीच जाऊन बसावे लागे. म्हणजे देशाच्या प्रगतीची ही चित्रे नेमाने पाहिली ती हमालांनी आणि रिक्षावाल्यांनी! वडिलांना विचारले तेव्हा ते एवढेच म्हणाले, ''मानसं तं आपल्यावानीच दिसे त्याच्यात, पन बोले दुसराच.'' या विषयावरचे इतके नेमके विधान मला कोणत्याही ग्रंथात आढळले नाही.

या निवेदकाला पहिला धक्का संस्थेच्या आतूनच बसला. १९६५ च्या सुमारास जाँ भावनगरी युनेस्कोतून सल्लागार म्हणून आले. त्यांनी तरुण दिग्दर्शकांना मोकळीक दिली. प्रमोद पती हे प्रागला बाहुलीपटांचे शिक्षण घेऊन आलेले. त्यांचा 'एक्सप्लोरर' (१९६८) हा निवेदनाशिवायचा, डोळे दिपवणाऱ्या वेगाचा लघुपट. सुखदेव यांनी 'इंडिया ६७' मध्ये निवेदक काढूनच टाकला. चारी आणि अब्राहम यांनी 'फेस टू फेस'मध्ये (१९६७) लोकांना लोकशाहीविषयी विचारले. त्याच वर्षी एस. एन. एस. शास्त्री यांनी 'आय ॲम २०' मध्ये स्वातंत्र्याबरोबर जन्मलेल्या तरुणांपुढे ध्वनिमुद्रक धरला. त्यांतला एक तरुण देशावर आपले प्रेम नाही असे सरळ सांगतो, आणि हे सरकारी पैशाने!

आज समीक्षक 'एक्सप्लोरर'ची जास्त वाखाणणी करतात. माझे मत वेगळे आहे. विचित्र कॅमेऱ्याची सत्तेला फारशी भीती नसते. पतींचीच नवी शैली 'क्लॅक्सप्लोजन' मध्ये कुटुंबनियोजनाच्या प्रचाराला उपयोगी पडली. नवे रूप सरकारला चालते. अनावर आवाज चालत नाही. खरा प्रयोग शास्त्रींच्या ध्वनिमुद्रकात होता. मात्र त्यांच्यापुढे बोलणारे बरेच तरुण इंग्रजीत बोलतात, हेही नोंदवले पाहिजे. थर्डाच्या बाकड्यावरच्या माणसापर्यंत तो ध्वनिमुद्रक क्वचितच पोचला.

भावनगरी परत गेले. मग १९७५ ची आणीबाणी आली. ज्या सुखदेव यांनी निवेदक हटवला होता, त्यांनीच १९७६ मध्ये आणीबाणीचे समर्थन करणारा 'थंडर ऑफ फ्रीडम' काढला. आनंद पटवर्धन यांच्या बिहार आंदोलनावरील चित्रपटाची प्रत त्याच काळात तुकडे करून परदेशी न्यावी लागली.

पुढे १९८५ च्या 'हमारा शहर' मध्ये, मुंबईतील झोपडपट्टीवासीयांवरच्या पटवर्धन यांच्याच चित्रपटात, विलास घोगरे यांचे गाणे आहे. त्यावर निवेदकाचा आवाज नाही. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे गेली, त्यानंतर काही दिवसांनी घोगरे यांनी जीवन संपवले. तेव्हापासून चौदा वर्षे चित्रण करून पटवर्धन यांनी 'जय भीम कॉम्रेड' २०११ मध्ये पूर्ण केला. त्यात वस्त्यांतली माणसे आपल्या बोलीत, आपल्या गाण्यांत, तीन तासांहून अधिक वेळ बोलतात.